उष्टं पुस्तक

एखाद्याला पुस्तक सुचवणं हा काही गुन्हा नव्हता. पण चारचौघांत कुणी "हे वाच, छान आहे" असं बोलून गेलं, की ऐकणाऱ्याचा चेहरा असा व्हायचा, जणू समोरच्यानं अर्धा चावलेला वडा पुढं केला आहे. अशा पुस्तकाला शब्दच पडला होता : उष्टं. दुसऱ्याच्या तोंडातून आलेलं. सभ्य माणसं उष्टं देत नसत आणि घेतही नसत.

त्यांना गरजही नव्हती. प्रत्येकाच्या कानामागं बोटभर लांबीची एक पट्टी चिकटवलेली असे. आपण गोष्ट वाचतो तेव्हा मेंदू सतत पुढचा अंदाज बांधत असतो. अंदाज तंतोतंत खरा ठरला तर जांभई येते. साफ चुकला तर वैताग येतो. पण तो जवळजवळ बरोबर येऊन जरासा हुकला, की मेंदूला गुदगुल्या होतात. पट्टी या गुदगुल्या मोजायची. शंभरपैकी जो आकडा यायचा त्याला गोडांक म्हणत. कुणाच्या मेंदूला कितपत हुकलेलं आवडतं हे एकदा कळलं, की पुस्तक उघडण्याआधीच त्याचा गोडांक सांगता येई. नव्वदच्या खालचं पुस्तक आता कुणाच्या हातात पडत नसे. नावडतं पुस्तक ही गोष्ट देवीच्या रोगासारखी नाहीशी झाली होती.

कऱ्हाडच्या लोकवाचन केंद्रात नंदिता खोत काउंटरवर बसायची. वाचक आला की त्याची पट्टी यंत्राला टेकवायची, आतून त्याच्यापुरतं छापून निघालेलं पुस्तक द्यायचं आणि तोंड बंद ठेवायचं. 'कर्मचाऱ्यांनी अभिप्राय देऊ नये' अशी पाटीच होती. नंदिता या लोकांना मनातल्या मनात 'नव्वदवाले' म्हणायची. निवृत्त अभियंते दाबके सहा वर्षं एकच गोष्ट वाचत होते. खुनी कधी पुतण्या असे, कधी भाचा; विष कधी चहात, कधी पन्ह्यात. दाबक्यांचा मेंदू तेवढ्यावर खूश होता.

"या वेळी काय झकास निघालं हो, नंदिताताई!" पुस्तक परत करताना ते म्हणत. "शेवट कळलाच नाही. मला वाटलं पुतण्या."

"आणि भाचा निघाला?"

"तुम्ही वाचलंत?" दाबके दचकून दोन पावलं मागं सरत.

"छे, छे. मी कशाला उष्टं करू तुमचं?"

नंदिताला खरंच त्यांची कीव येत नसे. किळस येई. चमच्यानं भरवलेलं गिळायचं आणि ढेकर द्यायचा, याला ही माणसं वाचन म्हणत होती. मागच्या कोठीत जुनी पुस्तकं रद्दीची वाट बघत पडली होती. त्यांच्या समासांत कधीकाळच्या वाचकांनी पेन्सिलीनं शेरे मारले होते. 'नायक महामूर्ख.' 'इथं मी रडलो.' 'लेखकाला समुद्र माहीत नाही.' एका होडीवाल्याच्या कादंबरीवर कुणी तरी लिहिलं होतं, 'साठाव्या पानापर्यंत दम धरा. मग सोडवत नाही.' नंदितानं दम धरला होता. त्या पुस्तकात तीनशे पानांत होडी दोनदाच उलटत होती आणि दोन्ही वेळा कुणी बुडत नव्हतं. ते मिटल्यावर तिनं ते रद्दीत परत न ठेवता पिशवीत घालून घरी आणलं होतं.

तिला एकच हवं होतं. तिची सावनी दहा वर्षांची होती, आणि आजवर एकही पुस्तक तिनं 'आईनं सांगितलं म्हणून' वाचलं नव्हतं. एकदा तरी वाचावं, एवढंच.

एका सकाळी सावनीचा डबा भरता भरता नंदितानं ते होडीवाल्याचं पुस्तक तिच्यासमोर ठेवलं.

"हे वाच. मला फार आवडलं होतं. चल, आवर, रिक्षा येईल."

"ई, आई! उष्टं?" सावनीनं पुस्तक कानामागच्या पट्टीला टेकवून बघितलं. "चौदा! माझ्यासाठी याचा गोडांक चौदा आहे. तू मला चौदाचं पुस्तक देतेस?"

"माझ्या ताटातली भेंडी चालते ना तुला? ती उष्टी नसते?"

"ती भेंडी असते."

"हेही भेंडीच आहे असं समज. साठाव्या पानापर्यंत दम धर. पोळी दोन देऊ का तीन?"

सावनीनं नाक मुरडलं, पण पुस्तक दप्तरात टाकलं. रविवारी दुपारी नंदिता मटार सोलत बसली होती आणि सावनी तिच्या मांडीवर पाय टाकून वाचत होती. मधेच ती पुस्तकावरून डोळे वर करी, आईकडं बघे, पुन्हा खाली घाली. एकदा ती फिसकन हसली.

"कुठं आलीस?" नंदितानं विचारलं.

"बकरी होडीत चढत नाही, तिथं. तू पण इथंच हसलीस ना?"

नंदिता नुसतीच हसली. सोललेले मटार तिनं टरफलांत टाकले आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही.

पंधरा दिवसांनी तिला संशोधन विभागात बोलावणं आलं. गोडांकाच्या प्रमुख डॉ. भार्गवी मिराशी मुद्दाम पुण्याहून आल्या होत्या. नोकरी गेली, असं धरूनच नंदिता आत शिरली.

"बसा, नंदिताताई. मुलीला उष्टं दिलंत?"

"दिलं. आणि मॅडम, पुन्हा देईन."

"जरूर द्या. आम्ही चौदा सांगितले होते. किती आले माहीत आहे? त्र्याण्णव."

नंदिताला हसू आवरेना. "म्हणजे तुमचं यंत्र चुकलं."

"यंत्र चुकत नाही. आम्ही नुसतं पुस्तक मोजत होतो, ती चूक." डॉ. मिराशींनी पडद्यावर एक नागमोडी रेघ दाखवली. "हे बघा. गोष्टीत काही घडतं तेव्हा रेघ हलतसुद्धा नाही. होडी उलटली तरी तुमची मुलगी ढिम्म. पण ही उंच टोकं बघितलीत? या प्रत्येक वेळी तिनं मान वर करून तुमच्याकडं बघितलंय. होडीवाल्याचं पुढं काय होणार याचा अंदाज ती बांधतच नव्हती. आईला इथं काय वाटलं असेल, याचा बांधत होती. तो जरासा हुकत होता. गोष्ट तुम्हीच होता, ताई. पुस्तक नुसतं वेष्टन."

"याला आमच्याकडं साधा शब्द आहे," नंदिता म्हणाली. "माया म्हणतात."

"आम्ही त्याला उ-घटक म्हणणार आहोत. उष्टेपणाचा उ." डॉ. मिराशींना विनोद करायचा नव्हता. "ज्यानं दिलं त्याची चव. विचार करा, किती लोकांना असं देणारं कुणीच नाही. त्यांना आम्ही देणारं माणूस देऊ शकतो. कानावर पडलेले आवाज, लकबी, सगळं पट्ट्यांमध्ये वर्षानुवर्षं साठलेलं आहे. सावनीच्या पट्टीत तुम्ही आहातच. पहिला नमुना तुमचा घ्यावा म्हणते. फक्त सही हवी."

"माझ्या आवाजात तुमचं यंत्र माझ्या मुलीला पुस्तक सांगणार?"

"तुमची हरकत नसेल तर."

नाही म्हणायला कुणी अडवलं नव्हतं. पण नंदिताला त्या बाईबद्दल, तिच्या रेघेबद्दल आणि तिच्या उ-घटकाबद्दल इतकी तुच्छता वाटली, की नाही म्हणणं म्हणजे यंत्राला मान दिल्यासारखं झालं असतं. दाबक्यांना भाचा आणि पुतण्या यांच्यावर सहा वर्षं झुलवणारं हे खेळणं म्हणे आई होणार!

"आणा इकडं," ती म्हणाली आणि ठसठशीत सही केली. "जमतंय का बघा."

जमलं. चार महिन्यांत 'उष्टं' ही शिवी राहिली नाही. पट्टीतून कानाशी कुणाचा तरी आवाज यायचा, जुन्या मित्राचा, शाळेतल्या बाईंचा, आणि सांगायचा : हे वाच, मला तुझी आठवण आली. आपल्याला कोण उष्टं देतं हे लोक आता मिरवून सांगू लागले. दाबक्यांनी एके दिवशी काउंटरवर नेहमीचीच गोष्ट परत केली. खुनी पुन्हा भाचाच होता. पण त्यांचे डोळे भरले होते.

"मंदानं सांगितलं होतं वाचायला."

दाबक्यांच्या पत्नी मंदाकाकू जाऊन चार वर्षं झाली होती.

"दाबकेकाका, ते यंत्र आहे," नंदिता पाटी विसरून म्हणाली. "मंदाकाकूंनी हे पुस्तक बघितलंसुद्धा नाही."

"मला काय वेडा समजता?" दाबके शांतपणे म्हणाले. "पुढचं द्या. ती म्हणालीय, याहून छान आहे."

नंदितानं दिलं. त्यांची पाठ वळल्यावर तिनं तोंड वाकडं केलं. म्हाताऱ्या माणसाचं ठीक आहे, तिला वाटलं. मुलं फसत नाहीत.

त्या शनिवारी ती कणीक मळत असताना सावनी पळत आली आणि मागून तिच्या कमरेला बिलगली.

"आई, तू सांगितलेलं पुस्तक संपलं! कसलं भारी होतं गं! त्या आंधळ्या घड्याळजीच्या इथं तू रडली असशील. रडलीस ना?"

नंदितानं तिच्या हातातलं पुस्तक बघितलं. घड्याळजीचं कुठलंच पुस्तक तिनं आयुष्यात वाचलं नव्हतं. पिठाचे हात तसेच धरून ती खाली बसली. मुलीच्या डोळ्यांत नीट बघून खरं सांगायचं तिनं ठरवलं.

"सावनी, ऐक. हे मी सांगितलेलं नाही. पट्टीतला आवाज माझा नाही. मी तुला होडीवाल्याचं दिलं होतं. ते मी दिलं होतं."

"माहितीय मला," सावनी म्हणाली. आईला इतकी साधी गोष्ट समजावून सांगावी लागते याचं तिला जरा हसूच आलं. "वर्गात सगळ्यांना माहितीय. होडीवाल्याचं पण आवडलं होतं. पण ती तू जास्त छान सांगतेस."

"ती मी म्हणजे?"

"पट्टीतली. ती तू आधी विचारतेस, माझा दिवस कसा गेला. मग पुस्तक सांगतेस. आणि मधेच रिक्षा येईल म्हणत नाहीस." नंदिताचा चेहरा बघून सावनीनं घाईघाईनं तिच्या गालाचा पापा घेतला. "तू पण छानच सांगतेस गं. पण ती तू घाईत नसतेस."

परातीत कणीक पडली होती. गॅसवर तवा तापून धूर सोडायला लागला होता. नंदितानं उठून गॅस बंद केला, हात धुतले आणि पुसले. मग ती सावनीच्या शेजारी जमिनीवर टेकली.

"बरं," ती म्हणाली, "आता पुढचं कुठलं वाच म्हणाले मी?"