अंथरुणातले दहा तास

एक कोडं घालते, सुटतं का बघा. एक माणूस रात्री आठला अंथरुणावर पडतो आणि सकाळी सहाला उठतो. म्हणजे झाले दहा तास. तरी तो दिवसभर पेंगतो, वरणभाताचा घास हातात धरून पेंगतो. आणि विचारलं तर म्हणतो, "झोप म्हणून लागत नाही बघ." आता झोप लागत नाही तर हा पेंगतो कसा?

हा माणूस म्हणजे माझे आजोबा, डॉ. हरिश्चंद्र तांडेल, समुद्रशास्त्रज्ञ. मी केतकी, वय अकरा. माझ्या जिभेला हाड नाही असं सगळे म्हणतात. सगळे म्हणजे आजोबाच, कारण इथे दुसरं कोणी नाहीच. आम्ही वेंगुर्ल्यापासून चाळीस किलोमीटर आत, समुद्रात तरंगणाऱ्या वेधकेंद्रावर (पाण्याचं तापमान, लाटा आणि वारे मोजायची जागा) राहतो. माझी आई मी तीन वर्षांची असतानाच गेली. बाबा मालवाहू जहाजावर असतात, वर्षातले नऊ महिने. शाळा पडद्यावर, सकाळी तीन तास. पडदा बंद झाला की मैत्रिणीही बंद. सामानाची बोट दर मंगळवारी येते, पण ती आपली आपण चालते. तिच्याशी काय डोंबल बोलणार?

पूर्वी आजोबा खूप बोलायचे. कुठला प्रवाह कुठून येतो, मासे त्याच्या मागे का जातात, सगळं सांगायचे. पण गेलं वर्षभर ते नुसते समोर बसलेले असायचे, डोळे अर्धे मिटलेले. घरात दोन माणसं आणि बोलायला कोणी नाही, अशी गत. मला त्यांची दया यायची. म्हणून मीच त्यांना आठ वाजता दामटून झोपायला पाठवायचे. "झोप नाही लागली तरी नुसते पडून राहा, तेवढाच आराम," असं मीच म्हणायचे. मग एकटीने भांडी घासायचे आणि एकटीने पत्ते खेळायचे. दोन्ही बाजूंनी मीच, त्यामुळे रोज जिंकायचे आणि रोज हरायचे.

नोव्हेंबरात आजोबांना बोट चालवता चालवता डुलकी लागली. बोट केंद्राच्या खांबावर आपटली. मीही बोटीत होते. माझ्या कोपराला टाके पडले. दुसऱ्याच दिवशी किनाऱ्यावरच्या डॉ. शहनाज काझी पडद्यावर आल्या आणि त्यांनी आजोबांचा बोट चालवायचा परवाना काढून घेतला.

"आठ आठवड्यांनी मी स्वतः तपासायला येईन," त्या म्हणाल्या. "तेव्हाही दिवसा झोप येत असेल, तर तुम्हाला केंद्र सोडावं लागेल, डॉक्टर तांडेल. तुमची नात लहान आहे."

नंतर आजोबा आणि नागपूरचे काका यांचं बोलणं मी दाराआडून ऐकलं. केंद्र सुटलं तर आजोबा काकांकडे जाणार आणि मी वसतिगृहात. काकांच्या दोन खोल्यांत तिसऱ्या माणसाला जागा होती, चौथ्याला नव्हती. त्या रात्री मला रडू आलं, आणि ते ऐकायलासुद्धा कोणी नव्हतं.

मंगळवारच्या बोटीने डॉक्टरांनी एक यंत्रमानव पाठवला. दोन गोल भिंगांचे डोळे, म्हणून मी त्याचं नाव ढापण्या ठेवलं. त्याने तीन रात्री आजोबांच्या बोटात मोजणीची अंगठी घातली आणि चौथ्या दिवशी सकाळी आम्हाला समोर बसवलं.

"आजोबांना एक नाही, दोन आजार आहेत," ढापण्या म्हणाला. "पहिला, निद्राश्वसनरोध (झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबणं). झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि हवेची वाट मिटते. केतकीताई, तुम्ही मऊ नळीने घट्ट लस्सी जोरात ओढली तर काय होतं?"

"नळी चपटी होते."

"तसंच. मग मेंदू घाबरून माणसाला क्षणभर जागं करतो आणि श्वास सुरू होतो. आजोबांच्या बाबतीत हे तासाला एकतीस वेळा होतं. त्यांना आठवतही नाही, पण झोपेचे तुकडे पडतात."

"त्यावर श्वासयंत्र आहे की," मी म्हटलं. "नाकावर मास्क लावायचा, यंत्र हवेचा दाब देऊन वाट उघडी ठेवतं. गेल्या वर्षी डॉक्टरांनीच दिलं होतं, ते वर्षभर कपाटात पडलंय. यांनी चार रात्री लावलं आणि भिरकावून दिलं."

"कारण मी जागाच असतो," आजोबा चिडून म्हणाले. "जाग्या माणसाने तोंडाला ते गाठोडं बांधून छताकडे बघत बसायचं?"

"तो दुसरा आजार. निद्रानाश (झोप न लागणं किंवा मोडली की परत न येणं)," ढापण्या म्हणाला. "हे दोन चोर एकमेकांना शिडी धरतात. श्वास थांबला की जाग येते. निद्रानाश परत झोपू देत नाही. जागं असताना मास्क टोचतो, म्हणून तो काढला जातो. मास्क नाही, म्हणून श्वास पुन्हा थांबतो. एकालाच पकडून भागत नाही."

मग त्याने हिशेब मांडला. अंथरुणात दहा तास, खरी झोप पाच तास. म्हणजे झोपेची कार्यक्षमता (अंथरुणातल्या वेळापैकी झोपेचा वाटा) फक्त निम्मी.

"दिवसभर शेव-चिवडा खाल्ला तर जेवताना भूक लागते का?" ढापण्याने विचारलं. "झोपेचीही भूक असते. जागेपणी ती साठत जाते. आठपासून पडून राहिलं तर ती पुरती साठतच नाही. शिवाय रोज पाच तास अंथरुणात तळमळल्यामुळे मेंदू शिकतो की अंथरूण म्हणजे तळमळायची जागा."

रोज आठ वाजता त्यांना तिकडे ढकलणारी मीच होते.

उपाय होता वर्तनोपचार (औषधाऐवजी सवयी आणि विचार बदलून केलेला उपचार). अंथरुणावर फक्त अकरा ते पाच. झोप लागत नाही असं वाटलं तर उठून खुर्चीत बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं. सकाळी पाचला उठायचंच, मग रात्र कशीही जावो. दुपारी पडायचं नाही. आणि रोज चार वाजता, चांगलं जागं असताना, मास्क लावून चाळीस मिनिटं बसायचं, म्हणजे अंगाला त्याची सवय होईल.

"सहा तासच का? पाच का नाही?" आजोबांनी विचारलं. शेवटी शास्त्रज्ञच ते.

"ज्याचा श्वास अडतो तो आधीच दिवसा पेंगतो. त्याची झोप फार कापली तर धोका. म्हणून सहाच्या खाली जायचं नाही. शिवाय रोज तीनदा परीक्षा. दिवा लागला की बटण दाबायचं. बोटांचा वेग ठरलेल्या मर्यादेखाली गेला तर मी उपचार थांबवून डॉक्टरांना कळवेन. आणि कोणीही हे आपल्या मनाने करायचं नाही."

पहिला आठवडा बरा गेला. दुसरा मात्र फार वाईट. आजोबा चिडचिडे झाले, डोळे लाल. एका दुपारी ते म्हणाले, "बाय, दहा मिनिटं पडू दे." दारातच उभे होते, भिंतीला हात लावून. मी ढापण्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "दुपारची परीक्षा ठीक आहे. धोका नाही." म्हणजे नाही म्हणायचं काम माझ्यावरच आलं.

मी त्यांची उशी उचलली आणि सामानाच्या पेटीत कोंडून कुलूप घातलं.

"तुझी आई असती तर तिने असं केलं नसतं," आजोबा म्हणाले.

मी त्यांना हाताला धरून केंद्राच्या कठड्याभोवती फिरवलं, सतरा फेऱ्या. आजूबाजूला नुसतं पाणी. मला वाटलं, वसतिगृहात तरी याहून एकटं काय वाटणार.

दुसऱ्या दिवशी चार वाजता आजोबा मास्क लावून बसले. मास्क नाकावर असतो, पण तोंड उघडलं की हवा फस्सकन बाहेर येते, म्हणून बोलता येत नाही. इतके दिवस मी त्यांना भूगोलाचं पुस्तक वाचून दाखवत होते. त्या दिवशी ते संपलं. मी पुस्तक मिटलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"आजोबा, तुम्हाला नागपूरला नेतील आणि मला वसतिगृहात ठेवतील. म्हणून मी उशी लपवली." मग थांबताच येईना. पत्त्यांचं सांगितलं. वर्गातल्या मुली सुट्टीत एकत्र डबा खातात आणि मी पडद्यात बसून बघते, ते सांगितलं. "तुम्ही नसता तेव्हा मला एवढं एकटं वाटत नाही. तुम्ही समोर असता आणि नसता, तेव्हा वाटतं."

आजोबांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मास्कच्या कडेवर साठलं. त्यांनी मास्क काढला नाही. माझा हात धरून ते पुरी चाळीस मिनिटं ऐकत राहिले. त्यानंतर रोज चारला मी बोलायचे आणि ते ऐकायचे.

चौथ्या आठवड्यात आजोबांनी मास्क लावून सलग पाच तास झोप काढली. सहापैकी साडेपाच तास झोप होऊ लागली तशी ढापण्याने दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवून दिली. मास्क टोचेना, म्हणून श्वास अडेना. श्वास अडेना, म्हणून जाग येईना. शिडी धरणारा गेला तसा दुसरा चोरही घसरला. संध्याकाळी आठला आजोबा माझ्यासमोर पत्ते घेऊन बसायला लागले. लबाडी करतात, पण चांगले खेळतात.

आठ आठवड्यांनी डॉ. काझी आल्या. श्वास थांबणं तासाला एकतीसवरून चारवर आलं होतं. दिवसाच्या परीक्षेत आजोबा त्यांच्या वयाच्या कुठल्याही माणसाइतके जागे निघाले.

"हा आजार पळाला नाही, काबूत आलाय," डॉक्टर म्हणाल्या. "मास्क रोज लावायचा. झोप पुन्हा रुसेल कधीतरी, पण आता काय करायचं ते तुम्हाला ठाऊक आहे." आणि त्यांनी परवाना परत दिला. माझ्या जिवात जीव आला.

"डॉक्टर," आजोबा म्हणाले, "जूनपासून मी इथे राहणार नाही."

"म्हणजे नागपूरला?" मी ओरडलेच.

"काम सोडत नाही. वेंगुर्ल्याला घर भाड्याने घेतो. ही तिथल्या शाळेत जाईल. मी सकाळी बोटीने येईन, संध्याकाळी परत. पावसाळ्यात समुद्र खवळला की घरूनच आकडे बघेन. आता बोट चालवायला मला कोणाची ना नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "महिनाभर तोंड बांधून ऐकलं बाय, तेव्हा समजलं. आधी कानावर येत होतं, पण मी कुठे जागा होतो?"

मला हसूही आलं आणि भीतीही वाटली. खऱ्या वर्गात मी कधी बसलेच नव्हते.

"आणि त्या मुली माझ्याशी बोलल्याच नाहीत तर?" मी विचारलं.

"तर घरी येऊन मला सांग," आजोबा म्हणाले. "मी जागा असेन."