तिसरी किल्ली

ती किंचाळली तेव्हा त्याच्या हातात फक्त छत्री होती.

संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग नुकताच सुटला होता. जिन्यातला दिवा गेलेला, बाहेर पाऊस भुरभुरत होता, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, थांबा..." एवढंच! पण तिची किंकाळी पार तळमजल्यापर्यंत गेली.

"छत्री... राहिली होती तुमची," तो कसाबसा म्हणाला.

हा वर्गातला मौनी. दिवसा मामाच्या कुलपांच्या दुकानात काम करायचा, संध्याकाळी शेवटच्या बाकावर बसायचा, आणि मॅडमनी प्रश्न विचारला की मिठाची गुळणी धरायचा. म्हणून हे नाव.

"सॉरी," धाकटी लाजेनं अर्धमेली झाली. "त्या पुस्तकानं डोकं फिरवलंय माझं."

पुस्तक मॅडमनीच लावलं होतं. एका शांत गावात घडलेल्या खुनांची खरी हकीकत. आजी-आजोबांच्या काळात लिहिलेली, पण अजून वाचली जाणारी. खुनी कोण ते पहिल्याच पानावर सांगून टाकलेलं. गल्लीतला सगळ्यांचा लाडका, हसतमुख, अडीअडचणीला धावणारा माणूस! "भाषा बघा किती साधी आहे," मॅडम म्हणायच्या. धाकटीला भाषा दिसतच नव्हती. दोघी बहिणींतली ती धाकटी; ताईची बदली झाल्यापासून चौथ्या मजल्यावर एकटी राहत होती. दिवसभर चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना हसून फ्रेमा दाखवायची, आणि घरी आली की आधी वाकून पलंगाखाली बघायची.

"इतका भयंकर दिसतो मी?" मौनीनं विचारलं.

"तोही चांगलाच दिसायचा. पुस्तकातला."

"म्हणजे मी चांगला दिसतो!"

तिला खुदकन हसू आलं. वर्गात तोंड न उघडणारा हा मुलगा रस्त्यावर मात्र बोलायचं थांबायलाच तयार नव्हता. कोपऱ्यापर्यंत येईतो तिनं दाराचं कुलूप सैल झाल्याचं सांगून टाकलं, आणि त्यानं सुट्टीच्या दिवशी येऊन नवं बसवून द्यायचं कबूल केलं.

तो आला तेव्हा दार सताड उघडं होतं आणि समोरच्या काकू दारात खुर्ची टाकून पहारा देत होत्या.

"तुला नाही भीती वाटत वाचताना?" तिनं विचारलं. अहोजाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

"वाटते तर! दुकानात बसून वाचतो. गिऱ्हाईक आलं की दचकतो. मामा म्हणतो, तू कुलपं विकतोस की कुलपांमागं लपतोस?"

काकूसुद्धा हसल्या. जाताना त्यानं दोन किल्ल्या तिच्या तळहातावर ठेवल्या. बोटं किंचित... अगदी किंचित रेंगाळली. त्या रात्री ती शांत झोपली.

आणि मग सहावं प्रकरण आलं.

तो हसतमुख माणूस शेजाऱ्यांची दारं फुकटात दुरुस्त करून द्यायचा, आणि प्रत्येक दाराची एक किल्ली स्वतःजवळ ठेवायचा. कुलपाचं रिकामं खोकं धाकटीनं कचऱ्यातून शोधून काढलं. त्यावर छापलं होतं, 'सोबत तीन किल्ल्या'.

दुसऱ्या दिवसापासून ती पहिल्या बाकावर बसू लागली. मौनीनं हाक मारली तर ऐकू न आल्यासारखं करायची. रात्री दाराला टेबल लावायची, आणि टेबल लावताना त्याचं हसणं आठवलं की रडू यायचं. न राहवून तिनं ताईला फोन केला.

"मला वेड लागलंय का गं?"

"थोडंसं," ताई म्हणाली. "पण भ्यायचा हक्क आहे तुला. काकूंना घेऊन जा आणि तोंडावर विचार त्याला."

भर दुपारी ती काकूंसोबत दुकानात गेली.

"माझ्या कुलपाची तिसरी किल्ली... तुझ्याकडे आहे?"

मौनीचा चेहरा उतरला. "आहे."

काकूंनी तिचा दंड घट्ट धरला.

"हत्यारांच्या पिशवीत पडली होती. दोन दिवसांनी सापडली. द्यायला येणार होतो, पण तोवर मीही सहावं प्रकरण वाचलं." त्यानं किल्ली काउंटरवर ठेवली आणि हात मागं घेतला. "ती घेऊन तुझ्या दाराशी कुठल्या तोंडानं यायचं?"

"खरं सांगतोयस?"

"खरं. पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस. पलीकडच्या चौकात दुसरं दुकान आहे, तिथून नवं कुलूप घे, त्यांच्याच माणसाकडून बसवून घे." मग आत बघत हळूच म्हणाला, "फक्त... मी तिकडं पाठवलं हे मामाला सांगू नकोस."

तिनं खरंच कुलूप बदललं. त्याला वाईट वाटेल हे माहीत असूनही बदललं. टेबल पुन्हा जागेवर गेलं. उरलेलं पुस्तक वाचताना मात्र तिला भीतीपेक्षा त्या गावच्या माणसांची कीवच जास्त आली.

शेवटच्या तासाला मॅडमनी विचारलं, "त्याच्यावर सगळ्यांनी विश्वास का ठेवला? मूर्ख होते का ते?"

मागून बाक सरकल्याचा आवाज आला. मौनी उभा होता. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, कान लाल करून तो म्हणाला, "नाही मॅडम. भली माणसं विश्वास ठेवतातच. पण कुणी घाबरून चौकशी केली, तर खऱ्या भल्या माणसानं... रागावू नये."

कुणीतरी टाळी वाजवली. धाकटीला मागं वळून बघवेना. डोळे भरले होते.

वर्ग सुटल्यावर ती जिन्यात त्याची वाट बघत थांबली. तो दोन पायऱ्या वरच थबकला. तिनं घाबरू नये म्हणून.

"अजून भीती वाटते?" त्यानं विचारलं.

"हो. तळहात बघ, घामानं भिजलेत."

"पुस्तक तर संपलं!"

"पुस्तकाची नाही रे..." ती म्हणाली. "मी तुला आवडते का, हे विचारायचंय. आणि तू नाही म्हणालास तर...?"

मौनीनं दोन पायऱ्या उतरून तिचा भिजलेला तळहात हातात घेतला. त्याचा तळहात तिच्यापेक्षाही जास्त भिजलेला होता.