घाबरायची पाळी

जुईच्या काखेतला थर्मामीटर वाजला. एकशे एक पॉइंट चार. शर्वाणीनं आकडा वहीत नीट लिहिला, पेनाला टोपण लावलं आणि भाजीला फोडणी द्यायला स्वयंपाकघरात गेली.

कानामागची निर्भय-पट्टी मोठी गुणाची होती. जुईसारख्या कॅन्सर झालेल्या मुलांच्या आईबापांसाठीच ती निघाली होती. सकाळी चिकटवली की मेंदूतली भीतीची घंटा दिवसभर बंद. अक्कल, आठवण, माया सगळं शाबूत. नाहीतर आधीचे दोन महिने शर्वाणीनं रडून रडून जिवाचे काय हाल करून घेतले होते! मात्र एका वेळी एकानंच पट्टी लावायची, असं डॉक्टरांनी दहादा बजावलं होतं. घरात घाबरणारं एक माणूस हवंच. म्हणून नवरा-बायकोनं पाळ्या लावल्या होत्या. आज घाबरायची पाळी निनादची होती.

"निनाद, एकशे एक आहे रे."

"हो का?" तो मोसंबं सोलत म्हणाला. "ताप शंभराच्या वर गेला तर तासाभरात हॉस्पिटलात आणा म्हणालेत ना?"

"निघू की. भात होऊ दे."

"चालेल. तोवर मी अंघोळ उरकतो."

शर्वाणीनं मान डोलावली. मग तिला नवल वाटलं. एका शिंकेवर अनवाणी धावत सुटणारा हा माणूस! तिनं त्याचा कान पुढे वाकवून पाहिला. मागे पट्टी होती.

"अरे, आज तुझी पाळी!"

"माझी? काल मीच घाबरलो की."

"काल मी घाबरले होते."

खरं दोघांचंही होतं. काल रिपोर्ट येणार म्हणून पट्टी कुणीच लावली नव्हती.

दोघांनी पट्ट्या ओरबाडून काढल्या. पण असर उतरायला संध्याकाळ होणार होती. उशीर झाला तर जंतू रक्तात पसरतील, पोर हातची जाईल, हे शर्वाणीला पक्कं ठाऊक होतं. पण ते दुसऱ्या गावच्या हवामानाच्या बातमीसारखं वाटत होतं. 'घाबर गं बाई, घाबर,' तिनं स्वतःला बजावलं. आत काही हललं नाही. कुकरची दुसरी शिट्टी झाली. आणखी एकच, मग निघू, असं तिनं ठरवलं.

जुईला हुडहुडी भरली होती. सात वर्षांची पोर, पण आईबापांच्या तोंडावरून आपली तब्येत ओळखायला ती केव्हाच शिकली होती. दोघं शांत दिसत होते, म्हणजे आपण बरे आहोत, असं ती मघापासून धरून चालली होती. पण दात वाजायचे थांबेनात.

भिंतीला धरून ती स्वयंपाकघरात आली आणि तिनं गॅस बंद केला.

"तुम्हाला दोघांनाही भीती वाटत नाहीये ना?" तिनं विचारलं. "मला खूप वाटतेय. आई, माझ्या भीतीनं तुम्ही धावाल का?"