पलीकडची ओढ

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाची सगळी भिस्त हातावर असते. केबलला हात लावला की तिच्यावर किती भार आहे, मोटर सरळ ओढतेय की अडखळतेय, हे मला न बघता कळतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्या दिवशी मला भास झाला असं बायकोसकट सगळ्यांचं म्हणणं आहे.

तळ्यावर जायची कल्पना माझीच. दादाचं अख्खं आयुष्य चपलांच्या एका दुकानात गेलं. बुटक्या स्टुलावर बसून लोकांच्या पायात बूट चढवायचे आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाची हाक आली की ‘आलोच, बसा’ म्हणत उठायचं. लग्न केलं नाही. आई-वडील लवकर गेले, तेव्हा मला त्यानंच वाढवलं आणि त्यात त्याचं वय निघून गेलं. दुकान सुटल्यावर तो दिवसभर खिडकीशी बसून राहायला लागला. फोन केला की म्हणायचा, “बरं आहे.” पुढे काही नाही.

“भावोजींना कुठेतरी घेऊन जा,” बायको म्हणाली. “माणूस आंबून जाईल अशानं.”

गळ टाकायचा नाद त्याला तरुणपणी होता. म्हणून मी दोन कायाक, एकट्यानं वल्हवायच्या अरुंद होड्या, भाड्यानं ठरवल्या आणि तो नको नको म्हणत असताना त्याला गाडीत बसवला.

सकाळ स्वच्छ होती. वारा नव्हता. तळं मोठं, पाणी राखाडी, आणि पलीकडच्या काठावर दाट झाडी पार पाण्यापर्यंत उतरलेली. तिकडे ना रस्ता, ना वस्ती.

“हे घालून मी कोबीचा गड्डा दिसतोय,” लाइफ जॅकेटचे पट्टे ओढत दादा म्हणाला.

“मासे काय स्थळ म्हणून बघायला येणार आहेत तुला?”

तो हसला. मला बरं वाटलं.

उन्हं वर आली तेव्हा त्याच्या गळाला काहीतरी लागलं. काठी वाकली ती वाकलेलीच राहिली.

“मोठा दिसतोय,” मी ओरडलो.

“मासा नाही रे हा. मासा झटके देतो. हा नुसता ओढतोय.”

त्याच्या कायाकचं नाक सावकाश वळलं आणि ती पलीकडच्या काठाच्या दिशेनं निघाली, माणूस रमतगमत चालतो तशा वेगानं. मी वल्हं मारत तिच्या बाजूला गेलो. तेव्हा मला गळाचा दोर दिसला. मासा ओढत असेल तर दोर पाण्यात शिरायला हवा. हा पाण्याच्या वर होता, वीतभर, ताठ, आणि समोरच्या झाडीकडे सरळ गेलेला. दादाच्या रिळावर एवढा दोर नव्हताच. तो मी स्वतः भरला होता.

झाडीत कुणी दिसत नव्हतं.

मी हात लांब करून दोन बोटं दोरावर ठेवली. आत जीव असल्याची थरथर नव्हती. एकसारखी ओढ, मग थोडी उसंत, मग पुन्हा ओढ. पलीकडे कुणीतरी दोर हातानं गुंडाळत होतं. हात दुखला की हात बदलत होतं.

“कापतो मी,” म्हणत मी चाकू काढला.

“थांब की जरा! इतक्या वर्षांनी काहीतरी लागलंय माझ्या गळाला.”

तो हसत होता. पोरासारखा, तोंड उघडं टाकून. एवढं हसताना मी त्याला कधी बघितलं होतं ते मला आठवेना. मी चाकू खिशात ठेवला. त्या दिवसातला एकच क्षण परत मिळणार असेल, तर मला तो हवाय.

तळ्याच्या मध्यावर आल्यावर त्याचं हसू विरलं. तो कान देऊन ऐकायला लागला. मग मान हलवून, दुकानातल्या त्या जुन्या अदबीच्या आवाजात म्हणाला, “हो हो. आलोच. बसा ना.”

“दादा, कुणाशी बोलतोयस?”

त्यानं माझ्याकडे बघितलं. लाजल्यासारखा दिसला.

“वाट बघतायत रे,” तो म्हणाला. “माझी.”

“कोण?”

“ते नाही माहीत. पण माझीच.”

मी दोर कापला.

तो लुळा होऊन पाण्यावर पडला. काठी सरळ झाली.

कायाक थांबली नाही.

दादा हात मांडीवर ठेवून बसला होता. काठी त्यानं सोडून दिली होती. समोर काही नव्हतं, पुढे काही बांधलेलं नव्हतं, आणि कायाक त्याच वेगानं चालली होती. मध्येच जरा थांबत होती. मग पुन्हा.

मी माझ्या कायाकचा दोरखंड तिच्या कडीत अडकवला आणि उलटा फिरलो.

किती वेळ वल्हवलं ते सांगता येणार नाही. हाताची सालं निघाली. मागे वळून बघायची हिंमत नव्हती. दोरखंड ताठ होता म्हणून तो मागे आहे, एवढंच कळत होतं.

कायाक भाड्यानं देणारा गुडघाभर पाण्यात धावत आला. दोघांनी मिळून दादाला बाहेर काढला.

“एवढे जड कसे काय हे?” तो धापा टाकत म्हणाला. “अंगानं तर काहीच नाहीत.”

गाडीत दादा एकच वाक्य बोलला. रागानं नाही, समजूत घातल्यासारखं. “त्यांना उगाच ताटकळत ठेवलंस.”

आता तो आमच्याकडेच असतो. खातो, पितो, विचारलं तर उत्तर देतो. डॉक्टर म्हणाले, धक्का बसलाय, होईल हळूहळू बरा. बायको त्याला आवडीचं करून घालते. मी रोज संध्याकाळी त्याच्याजवळ बसतो, लहानपणचं काहीबाही काढतो. तो ऐकतो, पण पाहुण्यासारखा, निघायची वेळ झालेल्या. मी आधीच त्याच्या घरी जायला हवं होतं. नुसतं जाऊन बसायला हवं होतं, कुठे न्यायची गरजच नव्हती.

पहिल्याच आठवड्यात त्याचा पलंग भिंतीपासून सुटलेला दिसला. रोज सकाळी थोडा थोडा. फरशीवर चार पायांचे चार ओरखडे, समांतर, तळ्याच्या दिशेनं. तळं आमच्या घरापासून गाडीनं तासाभरावर आहे.

बायको म्हणाली, फरशीला उतार असेल. मी लेव्हल लावून बघितली. उतार नाही. शेवटी ड्रिल आणून पलंगाचे चारही पाय बोल्टनं जमिनीत आवळले.

तेव्हापासून पलंग जागचा हललेला नाही. सकाळी दादा मात्र पायथ्याच्या, तळ्याकडच्या लोखंडी गजांशी गोळा होऊन झोपलेला सापडतो, तळवे गजांच्या बाहेर गेलेले. आणि वर, उशीपाशी, रात्री मी घातलेलं पांघरूण तसंच्या तसं असतं, एकही चुणी न पडलेलं, त्यातून त्याला अलगद ओढून काढल्यासारखं, माणसाच्या आकाराचं फुगलेलं.