वर्षातून एकच दिवस बंद

फाटकाला कुलूप होतं.

आणि माझ्या मागे नऊ माणसं उभी होती. नऊ जणांत मिळून अकरा नवे सांधे… सात गुडघे, चार खुबे. मार्टलोच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून रुजू होऊन मला पाच महिने झाले होते, आणि 'सोप्या वाटा' ही मंगळवारची भटकंती माझ्याच डोक्यातून निघालेली. बाजारचौकातून निघायचं, जुन्या पुलापासून नदीकाठानं चालायचं, गिरणीपाशी टेकायचं आणि परत. ना कुठे चढ, ना कुठे कुंपण ओलांडायचं. मी स्वतः दोनदा चालून पाहिलं होतं! आणि आज पहिल्याच दिवशी हे कुलूप.

फाटकापलीकडे उलट्या बादलीवर एक तरुण बसला होता. फेब्रुवारीची भुरभुर त्याच्या टोपीवरून नाकावर ठिबकत होती, आणि तो शांतपणे थर्मासमधला चहा पीत होता.

"आज बंद आहे," तो म्हणाला.

"बंद म्हणजे? गेल्या आठवड्यात तर उघडं होतं."

"उद्याही असेल. वर्षातून एकच दिवस बंद असतं… आज."

"म्हणजे तीनशे चौसष्ट दिवस सोडून मी नेमका आजचाच मुहूर्त काढला?"

"काढलात खरा," तो म्हणाला. हसला नाही, पण डोळ्यांना हसू आवरलं नाही. तपकिरी डोळे होते. मला ते दिसले याचाच मला राग आला.

वाट त्याच्या वडिलांच्या शेतातून जात होती. कुणी न अडवता लोक वीस वर्षं एखाद्या वाटेनं ये-जा करत राहिले, तर ती त्यांच्या हक्काची होते. म्हणून त्याचे वडील, आणि त्याआधी आजोबा, वर्षातून एक दिवस कुलूप लावत आले होते. चाला खुशाल, पण आमच्या परवानगीनं चालताय एवढं ध्यानात ठेवा.

"दुसरी वाट नाही?"

"आहे की. त्या टेकडीवरून. दोन ठिकाणी कुंपणावर चढून उतरावं लागेल."

माझ्या मागून मिसेस ऑनस्लो पुढे आल्या. वय ब्याऐंशी, डावा खुबा नवाकोरा. "जेथ्रो बेडोज, मी आता चढणार ती थेट स्वर्गातच. बघ बाबा, तुला चालत असेल तर!"

जेथ्रोनं टोपी काढली. डोकं खाजवलं. मग तो उभा राहिला आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "मिसेस ऑनस्लो, आमच्याकडे चहाला याल का?"

"आत्ता?"

"आत्ता. वाट बंद आहे, पण घरी आलेल्या पाहुण्यांना काही अडवता येत नाही." आणि त्यानं एकेकाला नावानं आमंत्रण दिलं. मि. गॉफ, तुम्ही? मिस टिपटन? नऊ जण झाले. मग तो माझ्यासमोर येऊन अडखळला.

"आणि तुम्ही… तुमचं नाव नाही माहीत मला."

"टॅम्सिन," मी म्हटलं. "आणि मी साखर घेत नाही."

असे आम्ही दहा जण पाहुणे म्हणून त्या फाटकातून गेलो. जेथ्रोच्या वडिलांच्या, म्हाताऱ्या बेडोजसाहेबांच्या स्वयंपाकघरात आल्याचा केक खाल्ला. साहेबांनी मला विचारलं की तुम्ही एवढे जण आज कसे काय आलात, तर जेथ्रो म्हणाला, "मी बोलावलं होतं." त्याचे कान लाल झाले होते. मी केकचा दुसरा तुकडा घेतला.

पुढच्या मंगळवारी फाटक उघडं होतं, आणि जेथ्रो बिजागऱ्यांना तेल घालत होता. त्याच्या पुढच्या मंगळवारीही. तिसऱ्या खेपेला मिसेस ऑनस्लोंना राहवलं नाही. "काय रे, या फाटकाला किती तेल लागतं? एवढ्या तेलात अख्ख्या गावाचे मासे तळून झाले असते!" मला हसू आवरेना, आणि जेथ्रोच्या हातून तेलाची डबी गवतात पडली. त्या दिवसापासून तो निमित्तं शोधायचं सोडून सरळ आमच्याबरोबर चालू लागला.

ग्रंथालयाला गावातल्या सोप्या वाटांचं एक पत्रक काढायचं होतं, ते काम मी अंगावर घेतलं. अंतर मोजायचं चाक जेथ्रोनं आणलं, लांब दांड्याचं, दर फेऱ्याला टक् वाजणारं. मार्चमध्ये दर रविवारी आम्ही दोघं ते चाक ढकलत हिंडलो. बाजारचौकातून चर्चच्या मागे, किल्ल्याच्या भिंतीखालून, फळबागांच्या कडेनं. तो ढकलायचा, मी लिहायची.

"ही वाट सोपी," तो म्हणायचा.

"सोपी? तुला! मि. गॉफना इथे दोनदा बसावं लागेल."

"मग कुठे बसतील?"

"तेच तर! बसायला काही नाहीच इथे."

आठवड्यानं तिथे ओकचा एक ओंडका दिसला. वरून तासून गुळगुळीत केलेला, बरोबर मि. गॉफच्या गुडघ्याच्या उंचीचा. मी त्यावर हात फिरवला. जेथ्रो दुसरीकडेच बघत उभा.

"हा इथे कसा आला?"

"पडला असेल," तो म्हणाला.

खरं सांगते, त्या ओंडक्यावर बसूनच मी त्याच्या प्रेमात पडले. एप्रिल उजाडेपर्यंत असे चार ओंडके झाले होते, आणि तो मला अजून 'अहो टॅम्सिन' म्हणत होता.

मग एक्सेटरहून पत्र आलं. मोठं इस्पितळ, कायमची नोकरी, आईच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. मार्टलोच्या दवाखान्यानंही विचारलं होतं, अजून राहणार का? दोघांनाही शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं. मंगळवारी मंडळी घरी गेल्यावर, उरलेली वाट मोजताना पुलावर मी जेथ्रोला सांगितलं. श्वास रोखून सांगितलं. त्यानं फक्त 'नको जाऊस' म्हणायचा अवकाश होता.

त्यानं चाकाला लागलेला चिखल बोटानं काढला.

"एक्सेटर…" तो म्हणाला. "चांगलं आहे. समुद्र जवळ आहे तिथून."

आणि चाक ढकलत पुढे गेला. टक्, टक्, टक्. मला ते चाक उचलून नदीत फेकावंसं वाटलं, आणि मागोमाग त्यालाही. घरी येऊन मी रडले, मग रडल्याबद्दल चिडले, मग पुन्हा रडले.

गुरुवारी मिसेस ऑनस्लो व्यायामाला आल्या. पाय वर, पाय खाली. माझा चेहरा बघून त्यांनी पाय वरच ठेवला.

"विचारलंस का त्याला?"

"मी का विचारू? त्यानं नको विचारायला?"

"बेडोजांच्या मुलानं?" त्या इतक्या हसल्या की मला त्यांचा खुबा धरावा लागला. "अगं पोरी, याच्या बापानं सात वर्षं माझ्या मैत्रिणीच्या दारात कोबी आणून ठेवले. सात वर्षं! शेवटी तिनंच विचारलं, लग्न करायचंय की भाजीचं दुकान काढायचंय?"

चार वाजता मी दवाखान्यातून निघाले ती धावतच. नदीकाठची वाट, ती सपाट, सोपी वाट, मला इतकी लांब कधीच वाटली नव्हती.

जेथ्रो मेंढ्यांच्या गोठ्यात गवतावर गुडघे टेकून होता, पाठमोरा. एक मेंढी अडली होती. त्याचा हात कोपरापर्यंत आत होता.

"जेथ्रो, मला बोलायचंय."

"बोला. पण… मला वळता येणार नाही. कोकराचा पाय मागे अडकलाय."

तेच बरं झालं. त्या तपकिरी डोळ्यांसमोर मला जमलं नसतं.

"मला एक्सेटरला जायचं नाहीये," मी त्याच्या पाठीला सांगितलं. "नोकरी चांगली आहे, समुद्र आहे, आई आहे, सगळं आहे. पण तू नाहीस. मला तू आवडतोस. फार आवडतोस. आणि परवा तू मला समुद्राचं सांगितलंस!"

पाठ स्तब्ध झाली.

"मी रात्रभर झोपलो नाही त्या दिवशी," तो हळूच म्हणाला. "वाटलं, आपण कोण अडवणारे? चांगली नोकरी आहे, त्यांच्या वाटेत कशाला…"

"अरे, अडव की मग! मी अडवायचीच वाट बघत होते!"

मेंढी कळवळून ओरडली. "आलं…" जेथ्रो पुटपुटला. "आलं, आलं…" आणि एक ओलंचिंब, पिवळट कोकरू घसरत गवतावर आलं. जेथ्रोनं त्याचं नाक पुसलं, श्वास सुरू व्हावा म्हणून नाकपुडीत काडीनं गुदगुल्या केल्या. कोकरू शिंकलं. आम्ही दोघंही एकदम हसलो, आणि तेव्हा तो वळला. केसांत गवत, डोळ्यांत पाणी, हात चिकट, लालभडक. ते कुठे ठेवावेत हेच त्याला कळत नव्हतं.

"राहा ना," तो म्हणाला. "टॅम्सिन… जाऊ नकोस. राहा इथे. माझ्याजवळ. मला फार आवडतेस तू. पहिल्या दिवसापासून. केकचा दुसरा तुकडा घेतलास ना, तेव्हापासून."

एवढं मोठं भाषण त्यानं जन्मात केलं नसेल. बोलून झालं तसा तो दोन्ही हात पसरून माझ्याकडे निघाला.

"आधी हात धू," मी म्हटलं.

तो नळापाशी गेला. साबण लावून कोपरापर्यंत दोनदा धुतले, नखंसुद्धा घासली. मी गवताच्या पेंढीवर बसून बघत होते. मला कुठेच जायचं नव्हतं.