आईच्या बाटलीतले दोन चमचे

"भेसळ!" आमचा यंत्रमानव ढब्बू म्हणाला, आणि मला इतका राग आला की त्याची बॅटरीच काढून ठेवावीशी वाटली.

बाटलीत आईचं ऑलिव्ह तेल उरलं होतं, जेमतेम दोन चमचे. आई शनीकडे निघालेल्या यानात शीतनिद्रेत (शरीर थंड ठेवून घेतलेली लांब झोप) होती. सात वर्षं तिला काही विचारायची सोय नव्हती. चंद्रावरच्या आमच्या घुमटातल्या ऑलिव्हचं ताजं तेल मी रोज भाकरीवर घ्यायचे, पण आईच्या तेलाची ती चव काही येत नव्हती. आता तर मी ती विसरत चालले होते. चाखून बघावं, तर बाटली संपणार!

"चाखतं कायले? त्याले उजेड दाखव," आजोबा म्हणाले. ते आईचे बाबा, प्रकाशाचे शास्त्रज्ञ. "उजेड काही तेल पेत नाही, चारवी."

म्हणून आम्ही बाटली वर्णपटमापकात (प्रकाशाचे रंग सुटे करून मोजणाऱ्या यंत्रात) ठेवली होती.

पडद्यावर वेडीवाकडी रेघ उमटली. आजोबांनी समजावलं ते असं : तेलाचे रेणू (पदार्थाचे अतिसूक्ष्म कण) सतत थरथरतात. प्रत्येक झोक्याची लय वेगळी, तशी प्रत्येक प्रकारच्या रेणूची थरथर वेगळी. त्यांच्यातून अवरक्त प्रकाश (तांबड्याच्या पलीकडचा, न दिसणारा) गेला, की आपल्या लयीशी जुळणारा तेवढा ते गिळतात. तिथे रेघेत खड्डा पडतो. कुठला खड्डा, किती खोल, यावरून तेलात काय आणि किती, ते कळतं. ऑलिव्हच्या दोन जातींची रेघसुद्धा हुबेहूब नसते.

"ऑलिव्ह आपल्याच घुमटातल्या जातीचं, आठ भाग," ढब्बू म्हणाला. "पण हा खड्डा पाडणारं लिनोलेनिक आम्ल ऑलिव्हमध्ये नावापुरतंच असतं, जवसात मात्र भरपूर. उरलेले दोन भाग जवस."

आजोबा खुर्चीत बसले. "जवस? पृथ्वीवर पुसदले असताना जवसाची चटणी वाढली का ताट सरकवे तुही माय! अन् इथं… माह्या गुडघ्याले लावाचं जवसाचं तेल कावून लवकर संपे, ते आता समजलं."

ते हसले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

म्हणजे आईलाही पुसदच्या घराची आठवण यायची. मला वाटायचं, आठवण फक्त मागे राहणाऱ्यांनाच येते.

मी आजोबांची बाटली आणली. आठ चमचे ऑलिव्ह, दोन चमचे जवस. भाकरीचा एक तुकडा त्यात बुडवला, दुसरा आईच्या तेलात. आता ते संपायची भीती नव्हती. दोन्हींची चव एकच. मी रडत रडत ताट पुसून खाल्लं.

काल आम्ही घुमटात जवस पेरलं. त्याला निळी फुलं येतात म्हणे. आई जागी झाल्यावर पहिला निरोप माझाच ऐकेल : "घरी ये, जवसाची चटणी केलीय. आणि ताट सरकवलंस तर बघ!"