उतरतं क्षितिज

गुरूच्या युरोपा या चंद्रावर रंगवण्यासारखं फारसं काही नाही. वर काळं आकाश, खाली बर्फ, मध्ये क्षितिजाची रेघ. तरीही तिथल्या संशोधन स्थानकावर एक चित्रकार पाठवायचं ठरलं, तेव्हा इरावती खांबेटे आनंदाने तयार झाली. पृथ्वीवर तिला सगळे ‘कॅमेऱ्याची बहीण’ म्हणत. हुबेहूब रंगवणारा स्वतःचा हात तिला नकोसा झाला होता. इथे तरी तो सुटेल, अशी तिला आशा होती.

खिडकीसमोर, जमिनीला पक्क्या बसवलेल्या खुर्चीत बसून ती एकच मोठं चित्र उभ्या पट्ट्यांनी रंगवी. पंधरवड्याला एक पट्टी. झालेल्या पट्टीला पुन्हा हात लावायचा नाही, हा तिचा हट्ट. सहा महिन्यांत हळूहळू चित्रातलं क्षितिज डावीकडून उजवीकडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरू लागलं. इरावती हरखली. हात सुटला होता!

“बाई, क्षितिज असं नाहीये,” हिमतज्ज्ञ डॉ. बोबडे म्हणाले. “कॅमेऱ्यात बघा, कधीचं जागच्या जागी आहे.”

“तेच तर! हे अमूर्त आहे, डॉक्टर.”

बोबड्यांनी फूटपट्टी काढून पायऱ्या मोजल्या. सगळ्या सारख्या भरल्या, तसा त्यांचा चेहरा उतरला.

“कॅमेरा स्वतःच क्षितिज मध्यावर आणतो,” ते सावकाश म्हणाले. “आणि बर्फ रोज थोडा हलतोच, म्हणून स्थानकाचा कलमापक आम्ही रोज सकाळी शून्यावर लावतो. म्हणजे तो फक्त कालपासूनचा कल सांगतो. तो नगण्यच असणार.”

“आणि सहा महिन्यांचा?”

“तो कोणी मोजलाच नाही. आपल्या उबेने मागच्या बाजूचा बर्फ वितळतोय. स्थानक मागे कलंडतंय, खिडकी वर उचलली जातेय, म्हणून क्षितिज खाली. बाई, तुम्ही दिसलं तेच रंगवलंत. अगदी हुबेहूब!”

स्थानक उलटायच्या आत हे कळलं आणि सगळ्यांचा जीव वाचला. सगळ्यांनी इरावतीला डोक्यावर घेतलं, आणि ती मात्र तोंड पाडून बसली. इतकं वाईट तिला कधीच वाटलं नव्हतं.

जॅक लावून स्थानक सरळ केलं गेलं. क्षितिज खिडकीत मूळच्या जागी आलं. चित्राची शेवटची पट्टी तेवढी कोरी होती. इरावतीने बराच वेळ बाहेर पाहिलं, मग उठून पडदा ओढला आणि रंगवायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी बोबडे सवयीने फूटपट्टी घेऊन आले. शेवटच्या पट्टीत क्षितिज पार वर चढलं होतं, आणि हळदीसारखं पिवळं होतं.

“याचा कल किती धरू?” त्यांनी गोंधळून विचारलं.

“काही धरू नका, डॉक्टर,” इरावती हात पुसत खुशीत म्हणाली. “हे मी न बघता काढलंय.”